सगळं धरून एक लिटर

जव्हारला एसटी स्टँडमागच्या गल्लीत खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझं नाव विचारलं नाही. आधी हात मागितला. मला वाटलं, भविष्य वगैरे बघत असतील, म्हणून मी तळवा पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, हाताच्या पाठीवरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली. मग ती जागेवर बसेपर्यंत तिच्याकडे रोखून पाहत राहिल्या.

"सावकाश गेली," त्या म्हणाल्या. "कुठून आलीस?"

"नाशिकहून."

"वाटेत काय काय प्यालीस?"

मी आठवून म्हटलं, काहीच नाही. एसटीच्या प्रवासात मी काही पीत नसे. मध्येच उतरावं लागेल ही भीती बहुतेक बायकांना असते, तशी मलाही होती. बाईंनी मान हलवली, जणू मी एखादं ओळखीचं दुखणं सांगितलं होतं, आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या गवती चहा घातलेल्या चहाचे दोन कप घेऊन. भाडं, नळाची वेळ, दाराची कडी हे सगळं बोलणं त्यानंतर झालं. मी कप हातात धरून बोलत बसले, तर त्याही तशाच बसून राहिल्या. मी पहिला घोट घेतला तेव्हाच त्यांनी आपला कप तोंडाला लावला. ही गोष्ट मला त्या दिवशी दिसली, पण कळली नाही. कळायला नऊ वर्षं लागली.

मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आले होते. बाई तेव्हा नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं मोखाडा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर त्या नर्स होत्या. खोडाळ्याला बरीच वर्षं, सूर्यमाळला त्याहून जास्त. अंगाने बारीक, चालण्यात भलतीच घाई, आणि उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. त्यांना संसार नव्हता. का नव्हता ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गावात त्यांना सगळे 'बाई' म्हणत, पाड्यांवरचे लोक 'बाय' म्हणत. मीही बाईच म्हणत आले. त्या मला 'ग्रंथपाल' म्हणत, तेही सरकारी कागदावर लिहावं तसं पूर्ण, आणि बहुतेक वेळा त्या शब्दाला जोडून एकच शब्द येई: "ग्रंथपाल, हात."

नमस्काराच्या जागी त्यांची ही चिमटी असे; अंगात पाणी कमी असलं की ओढलेली कातडी सावकाश बसते. भाजीवाली, पोस्टमन, वीजबिल घेऊन येणारा माणूस, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा नव्याने बदलून आलेले बँकेचे साहेब त्यांच्या पेन्शनच्या कागदावर सही करायला हात पुढे करत होते, तर बाईंनी तो हात मध्येच धरला. साहेब गडबडले. कातडी पटकन बसली तशी बाई म्हणाल्या, "छान. चालू द्या तुमचं." स्वतःच्या हाताला मात्र त्या विचारत नसत. म्हणत, म्हाताऱ्या माणसाचा हात खोटं बोलतो, तो साक्षीला धरायचा नाही. म्हाताऱ्याची जीभ बघावी.

माझे वडील मला भेटायला पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. घरातही सदरा घालून बसणारे. खुर्चीत बसून त्यांनी रुमालाने घाम पुसला, जव्हारच्या हवेबद्दल दोन बरे शब्द बोलले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लघवीचा रंग कसा असतो तुमचा, सर? लिंबाच्या सरबतासारखा, का कोऱ्या चहासारखा?"

वडील माझ्याकडे बघायचं टाळत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग परीक्षेत उत्तर द्यावं तसं म्हणाले, "चहाच्या जवळपास."

"दुपारचं ताक सुरू करा. मीठ घालून."

त्या मुक्कामात ते पुन्हा बाईंशी बोलले नाहीत. पण महिन्याभराने त्यांचा रविवारचा फोन आला तेव्हा माझी खुशाली विचारून झाल्यावर ते म्हणाले, "त्यांना सांग, सरबत." पुढे दर रविवारी हा निरोप मला पोचवावा लागे. वडील गेले त्या वर्षी, शेवटच्या फोनवरही त्यांनी तो दिला होता.

बाईंचं म्हणणं साधं होतं. पाणी पाण्याच्याच रूपात पोटात गेलं पाहिजे असं काही नाही. चहा हे पाणी आहे, ताक हे पाणी आहे, नागलीची आंबील, भाताची पेज, आमटी, सार, शहाळं, हे सगळं पाणीच आहे. "त्याने कपडे बदललेत, एवढंच," त्या म्हणत. कुणी म्हणालं की चहाने उलट पाणी कमी होतं, तर त्या त्याला शांतपणे समजावत: चहा प्यायल्यावर जावं लागतं खरं, पण आलेलं सगळंच्या सगळं जात नाही, बरंचसं राहतं. दुधाबद्दल तर त्यांना विशेष आदर होता, कारण ते अंगात पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. बाटलीतल्या रंगीत थंड पेयांवर त्यांचा राग होता, पण त्यांनाही त्या मोजणीतून काढत नसत. म्हणत, तेही पाणीच, फक्त वाईट संगतीतलं.

एकच गोष्ट त्यांनी कधी धरली नाही. सूर्यमाळला एक म्हातारा होता, तो दर भेटीत त्यांना डिवचायचा. त्याचं बोलणं बाई हुबेहूब करून दाखवत. तो म्हणायचा, "बाय, तू चा धरतेस, पेज धरतेस. मंग माझी ताडी का नाय धरत? तीबी पानीच हाय ना?" बाई म्हणायच्या, ती येताना एक तांब्या आणते आणि जाताना दोन घेऊन जाते, तिला मी पाणी म्हणणार नाही. म्हातारा विचार करून सांगायचा, "मंग मी दोन तांबे पेन. बरोबर होईल."

ही मोजणी त्यांनी कुठून काढली ते मला त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळलं. एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला तालुक्यातल्या सगळ्या नर्सना बोलावलं होतं. तिथे एका नव्या अधिकाऱ्याने तक्ता लावला. वर पाण्याचे आठ ग्लास ओळीने काढलेले, आणि खाली चहाच्या कपावर लाल फुली. हे प्रत्येक पाड्यावर लावा, असं तो म्हणाला. बाई मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी विचारलं की साहेब, एप्रिलमध्ये सूर्यमाळला आला आहात का?

एप्रिलमध्ये तिथल्या विहिरींचा तळ दिसतो. बायका खाली दरीतल्या झऱ्यावर जातात, झऱ्याशी वाटीने पाणी भरत बसतात, आणि हंडा डोक्यावर घेऊन चढ चढतात. त्या हंड्यातलं पाणी घरात आलं की ते आधी जनावरांचं, मग पोरांचं, मग नवऱ्याचं, मग सासूचं. बाईंनी त्या अधिकाऱ्याला सांगितलं की तिथली बाई दिवसभरात जे पिते ते सकाळचा कोरा चहा, दुपारची पेज आणि संध्याकाळचा कोरा चहा. त्यातल्या दोन गोष्टींवर तुम्ही फुली मारली तर ती त्या सोडून देईल, कारण ती माझं ऐकते. मग त्या जागी आठ ग्लास कुठून आणू? तिला सांगायचं तर असं सांगा की तुझा चहाही धरतो, पेजही धरतो, पेजेत चिमूटभर मीठ घाल, आणि भाताचं पाणी ओतून देऊ नकोस.

"मग काय झालं?" मी विचारलं होतं.

"काय होणार? चहाची सुट्टी झाली. त्यानेही घेतला."

तक्ता त्यांनी घरी आणला होता. माझ्या खोलीतल्या कपाटाच्या तळाला तो अंथरलेला होता, फुलीची बाजू खाली करून.

मी आल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात मला रोज दुपारी डोकेदुखी होऊ लागली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी नाशिकला जाऊन तपासून आले. नंबर तोच होता. खरं असं होतं की मी सकाळी ग्रंथालयाचं दार उघडलं की संध्याकाळी बंद करेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. टेबलावर पाण्याची बाटली असायची. पण वाचायला लागले की मला तहान लागत नाही. किंवा लागते आणि ती निरोप सांगायला येऊन दाराशी उभी राहते आणि मी तिच्याकडे बघत नाही. लहानपणापासून असंच आहे. बाईंनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं असावं. त्यांनी उपदेश केला नाही. औषध दिलं नाही, बाटली भरून दिली नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की संध्याकाळी साडेपाचला चहा असतो, आणि त्या एकट्या चहा घेत नाहीत.

"का?" मी म्हटलं.

"सवय. एकटीने घेतला की मला पचत नाही. तू वेळेवर आलीस तर मी घेईन, नाहीतर राहील."

मला हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटला. पण कुणी म्हातारं माणूस आपल्यापायी चहासाठी खोळंबलंय हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी साडेपाचला घरी येऊ लागले. चहा एक कप कधीच नसे. आधी ताक, मग चहा, चहाबरोबर काहीबाही बोलणं, आणि बोलण्याच्या ओघात पुन्हा अर्धा कप. उन्हाळ्यात सकाळी निघतानाही त्या आंबिलीचे दोन पेले घेऊन दारात उभ्या राहत. मी घेतल्याशिवाय त्या घेत नसत, आणि मला उशीर होत असे. डोकेदुखी कधी थांबली ते मला आठवत नाही. थांबलेल्या गोष्टी आपल्याला आठवत नाहीत.

एकदा कॉलेजातल्या एका तरुण सहकारी मुलीने मला वाढदिवसाला बाटली दिली. तिच्यावर रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे किती वाजेपर्यंत किती प्यायचं ते छापलेलं. मोबाइलमध्येही तिने मला तासातासाला आठवण करून देणारं काहीतरी लावून दिलं. संध्याकाळी बाईंसमोर तो मोबाइल टुणकन वाजला. त्यांनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ वाचली, उलटसुलट करून बघितलं, आणि विचारलं, "हे सांगतं, ते ठीक आहे. पण हे स्वतः पितं का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सातव्या वर्षी बाईंच्या पायांना सूज यायला लागली. चालण्यातली घाई कमी झाली. गल्लीच्या चढावर त्या भिंतीला हात लावून उभ्या राहू लागल्या. रात्री दोन उशा लागायच्या, मग तीन. मी त्यांना नाशिकला घेऊन गेले. डॉक्टर वयाने त्यांच्या नातवासारखा होता. हृदय थकलंय, त्याला येणारं सगळं पाणी पुढे ढकलता येत नाही, म्हणून ते अंगात साठतंय, असं त्याने नीट समजावून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. मग म्हणाला, "आणि आजी, दिवसाला एक लिटर. त्याच्या वर थेंब नाही. फक्त पाणी नव्हे हं. चहा, ताक, आमटी, सगळं धरून."

बाई हसायला लागल्या. डॉक्टर माझ्याकडे बघू लागला. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाळा, हे वाक्य माझं आहे. तीस वर्षं मी हेच सांगत होते. फक्त लोकांना जास्त प्यायला लावायला."

परतीच्या एसटीत मी म्हटलं की चहा थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ज्या बायांना चहा धर म्हटलं त्यांना मी काय तोंड दाखवू? धरायचा म्हणजे धरायचा."

त्यांच्याकडे एक पांढरा प्लास्टिकचा जग होता, बाहेरून एक लिटरची रेघ मारलेला. जुलाबाच्या पोरांसाठी क्षारसंजीवनीची पुडी कालवायला तो त्यांनी पाड्यापाड्यावर नेला होता. एका पुडीला एक लिटर, म्हणून ती रेघ. निवृत्तीनंतर तो कपाटावर पालथा पडून होता. तो त्यांनी खाली काढला, घासला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी रेघेपर्यंत भरून ओट्यावर ठेवू लागल्या. तो त्यांचा दिवस. पाणी त्यातूनच प्यायचं. चहा घेतला, तर एक कप पाणी जगातून काढून बाहेर दाराशी असलेल्या गवती चहाच्या बेटाला घालायचं. वाटीभर आमटी घेतली, तर वाटीभर पाणी गवताला. म्हणजे जगात जे दिसेल तेवढंच त्यांचं उरलेलं. मोजायला, आठवायला काही नको.

पहिले काही दिवस मला ते बघवत नसे. ज्यांच्या घरातून माणूस कोरडं बाहेर जात नव्हतं, त्या दुपारी तोंड धुऊन चूळ भरत आणि थुंकून टाकत. लवंग चघळत. एकदा मी सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर आले, तर नळाला पाणी आलेलं होतं आणि त्या हंडा भरत ठेवून जवळ बसल्या होत्या. हंडा भरून वाहत होता. नळ बंद करायला मी पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे जरा. आवाज ऐकतेय." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, सूर्यमाळला वर्षं काढलेल्या बाईने पाणी वाया घालवावं म्हणून असेल. वाहिलेल्या पाण्याने त्यांनी आमचं आणि शेजारचं अंगण धुतलं, धापा टाकत.

शेजारच्या वहिनींनी कलिंगडाची फोड आणली तेव्हा त्यांनी माझ्याकडे चोरून बघितलं. "हे खाणं आहे ना गं?" त्या म्हणाल्या.

मी ओट्यावरच्या जगाकडे बघितलं.

"बोल ना, ग्रंथपाल."

"बाई, तुम्हीच म्हणता त्याने कपडे बदललेत."

त्या फोडीकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग ती मला देऊन टाकली. "फार शिकवलं मी तुला," म्हणाल्या.

साडेपाचचा चहा मात्र चालू राहिला. आता त्यांच्यासाठी अर्धा कप असे. तो अर्धा कप त्या सकाळपासून जगात राखून ठेवत. दुपारी कितीही कोरड पडली तरी जगाच्या तळाचं तेवढं पाणी हलत नसे. मी घरात पाऊल टाकलं की त्या आधण ठेवत, माझा कप भरून, त्यांचा अर्धा. मग उरलेलं पाणी दारातल्या गवताला घालून येत आणि मग बसत. ते गवत त्या दोन वर्षांत एवढं माजलं की दारातून जाताना त्याची पाती पोटऱ्यांना कापत. शेजारणी मूठ मूठ नेत. मी एकदा म्हटलं की माझी वाट न बघता दुपारीच घेत जा, तेव्हा तरी घसा ओला होईल. त्या म्हणाल्या, एकटीने घेतलेला मला पचत नाही, तुला माहीत आहे.

गेल्या वर्षी, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस मी वेळेवर घरी गेले नाही.

कारण सांगण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. मीटिंग नव्हती, कुणी आजारी नव्हतं, गाडी बंद पडली नव्हती. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. नोंदवायला म्हणून मी त्यातलं एक उघडलं आणि उभ्याउभ्या वाचू लागले, मग खुर्ची ओढली. शिपाई खिडक्या लावून, किल्ली टेबलावर ठेवून गेला तेही मला धड समजलं नाही. मोबाइल पर्समध्ये मुका करून ठेवला होता. अक्षर दिसेनासं झालं तेव्हा मी वर बघितलं. सात वाजून गेले होते.

घराच्या दारात शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांचा नवरा बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला होता. वहिनी म्हणाल्या की दुपारपासूनच त्यांना बरं वाटत नव्हतं. चार वाजता घसा फार सुकलाय म्हणाल्या, म्हणून मी जगातलं पाणी पेल्यात ओतून देत होते, तर हात आडवा केला. साडेपाचला म्हणाल्या, येईलच. सहाला म्हणाल्या, वाचत बसली असेल, बसू दे. मग खुर्चीतच मान टाकली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा संपलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे आज ना उद्या होणारच होतं, अर्ध्या कपाने काही फरक पडला नसता, ना घेतल्याने, ना न घेतल्याने. ते खरं आहे हे मला समजतं. मी तेवढी शिकलेली आहे.

घरी ओट्यावर जग होता. त्याच्या तळाशी अर्धा कप पाणी होतं. दोन कप पालथे घालून शेजारी ठेवलेले, गाळणी तयार, आणि गवती चहाची दोन पाती कापून गाठ मारून ठेवलेली. पात्यांची टोकं सुकायला लागली होती.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. एवढं आठवतं की त्या पाण्याचं काय करावं ते मला सुचेना. नियम होता की त्यांनी काही प्यायलं तर तेवढं गवताला. त्यांनी प्यायलं नव्हतं. म्हणून ते गवताचं नव्हतं. माझं तर नव्हतंच. तिसऱ्या दिवशी वहिनींनी ओटा आवरताना ते मोरीत ओतलं असावं. मी विचारलं नाही. चहा मी बंद केला. ठरवून नव्हे, साडेपाच वाजले की मी खोलीत जाऊन दार लावून घेई, आणि ती वेळ जाऊ देई.

बाराव्या दिवशी सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल, काष्ट्याचं लुगडं, हातात कापडी पिशवी. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरून ती चालत खाली आली होती आणि मग खोडाळ्याहून एसटीने जव्हारला. तिला कुणाकडून तरी आदल्या दिवशी कळलं होतं.

"बाय गेली?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीशी टेकून बसली. पिशवीतून नागलीच्या पिठाचं पुडकं काढून तिने माझ्यासमोर ठेवलं आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी आतून पाण्याचा पेला आणला. तिने तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. एवढं चालून आलेली, ओठ सुकलेले, आणि पेला हातात धरून बसलेली. मला वाटलं, तिला चहा हवा असेल. मी तसं विचारलं.

"तूबी घे ना," ती म्हणाली. "आमी एकलं नाय पेत. बायनी लावलेली सवय."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिने मग सांगितलं. सावकाश, मध्येमध्ये थांबत. तिचं दुसरं मूल अंगावर होतं. दूध आटलं होतं, पोर रडून रडून गप्प झालं होतं. बाई पाड्यावर आल्या. सासूने त्यांच्यासाठी कोरा चहा केला, पाहुणीचा म्हणून गूळ घालून. घरात पाणी कमी, म्हणून एकच कप. बाईंनी कप हातात घेतला आणि विचारलं की सुनेचा कुठाय? सासू म्हणाली, ती मागून घेईल.

"बाय बोलली, मना एकलीनी पचत नाय. ती पेईल तं मी पेन. कप हातात धरून बसून राह्यली. पार थंड झाला. मंग सासूनी काय करावं? पाव्हनी उपाशी कशी धाडावी? मना दिला कपात. दुसऱ्या दिशी बाय परत आली. तिसऱ्या दिशी परत. पेज घेऊन बसं, आनि मी पेल्याबिगर पेत नसं. सासू बोलं, ही बाय येडी हाय." ती जरा हसली. "आमच्या पाड्यात समद्या घरात तसंच केलं तिनी. आता सासवाच इचारतात, सुनंला दिला का."

मी तिच्या हातातल्या पेल्याकडे बघत होते. नऊ वर्षं मी समजत होते की त्यांना सोबत लागते. चार वाजता घसा सुकलेला असताना त्यांनी हात आडवा केला, तो मला सोबतीचा हट्ट वाटला होता. दिवसभर काही न पिता पुस्तकात बसून राहिलेली एक बाई साडेपाचला उठून घरी यावी, म्हणून त्यांनी आपल्या लिटरातला अर्धा कप राखून ठेवला होता. दोन वर्षं, रोज.

मी उठले. दारात जाऊन गवताची पाती कापली; बारा दिवस पाणी नव्हतं तरी ते हिरवं होतं. आधण ठेवलं. दोन कप भरले. आम्ही दोघी समोरासमोर बसून प्यायलो. माझा कप रिकामा होईपर्यंत ती आपल्या कपात शेवटचा घोट ठेवून बसली होती. मी खाली ठेवल्यावर तिने तो घेतला.

एसटीची वेळ झाली म्हणून ती उठली. पदर सावरला. निघता निघता तिने माझा हात धरला. मला वाटलं, निरोप घेतेय. तिने तो उलटा केला, पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली, सोडली, आणि मान तिरकी करून बघत राहिली. मीही बघत होते. कातडी वर तशीच राहिली, मग हळूहळू, फार हळू, खाली बसली.

तिने पिशवी पुन्हा जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"दुसरी गाडी हाय दुपारची," ती म्हणाली. "आजून एक ठेव."